कपातलं रक्त लॅबला चालेल का?

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते, वय ३८, शाळेत शिकवते. आईला मधुमेह आहे म्हणून दरवर्षी तपासणी करून घेते. यंदा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आलं आणि हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलंय. माझी शीर पटकन सापडत नाही. मागच्या वेळी तीनदा टोचलं, हात आठवडाभर काळानिळा होता आणि भोवळ आली ती वेगळीच. दोन वर्षांपासून मी पाळीत कप वापरते. दर महिन्याला एवढं रक्त मोरीत ओतून देते, तेच स्वच्छ बाटलीत भरून लॅबला दिलं तर? परदेशात पॅडवरून साखर तपासतात असा व्हिडिओ पाहिला. घरच्या ग्लुकोमीटरवर त्यातला थेंब टाकून पाहू का? अक्कलकोटच्या माझ्या जाऊबाईंना तर डॉक्टरांनी टीबीच्या तपासणीसाठी पाळीचंच रक्त मागितलं होतं. त्यांचं चालतं, मग माझं का नाही? सासूबाई म्हणतात, ते घाण रक्त, त्यातून काय कळायचंय. स्त्रीरोगतज्ज्ञांनी एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणीही सुचवली आहे. ती तरी यातून होईल का?

उत्तर :

नमस्कार ताई,

कपातलं रक्त बाटलीत घालून सात रस्त्यावरच्या किंवा होटगी रोडवरच्या कुठल्याही लॅबमध्ये नेलंत, तर ते तुम्हाला परत देतील आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही. पण तुमचा प्रश्न खुळा नाही. गेल्या काही वर्षांत चांगल्या प्रयोगशाळा नेमक्या याच प्रश्नामागे लागल्या आहेत आणि एक-दोन ठिकाणी उत्तर ‘हो’ असंही आलं आहे. तुमच्या एचबीएवनसीचं उत्तर त्याच ‘हो’मध्ये बसतं; तरीही तुम्हाला सुई का टळणार नाही, ते पुढे सांगतो.

आधी सासूबाईंचं. ते रक्त घाण नाही. शरीरात साठलेला मळ महिन्याला बाहेर पडतो ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, पण गर्भाशयाच्या अस्तरात येणारं रक्त हे तुमच्या दंडातल्या शिरेत वाहतं तेच असतं. फरक पडतो तो अस्तरातून बाहेर येईपर्यंत. कपात जे जमतं त्यात रक्त साधारण एक तृतीयांशाच्या आसपासच असतं. बाकी गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे, गर्भाशयमुखाचा चिकट स्राव, योनिमार्गातल्या पेशी, तिथले नेहमीचे जिवाणू आणि पाणी. हे प्रमाणही बाईगणिक, महिन्यागणिक, इतकंच काय पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचंही वेगळं. म्हणजे कपात तुमचं रक्त असतं, पण ते किती पातळ झालंय हे कुणालाच ठाऊक नसतं.

सगळी अडचण इथे आहे. लॅबच्या बहुतेक तपासण्या ‘किती आहे?’ असं विचारतात. एका डेसिलिटरमध्ये हिमोग्लोबिन किती ग्रॅम, साखर किती मिलिग्रॅम, एका मायक्रोलिटरमध्ये प्लेटलेट किती. रिपोर्टच्या उजव्या बाजूला जी ‘नॉर्मल’ची चौकट छापलेली असते ती शिरेतून काढलेल्या रक्तावरून ठरवलेली असते. कपातलं रक्त मशीनमध्ये घातलं तर मशीन आकडा देईल. मशीनला काय, काहीही घातलं तरी ते आकडा देतं. पण तो आकडा ताडून पाहायला चौकटच नाही. हिमोग्लोबिन ५ आलं तर ते तुमचं आहे की स्राव मिसळून पातळ झालेल्या नमुन्याचं, हे सांगायला मार्ग नाही.

पातळ होण्याचं सोडलं तरी हे रक्त वाटेत बदलतं. ते गोठत नाही, कारण गर्भाशयातली द्रव्यं त्यातला फायब्रिनचा जाळीदार धागा आधीच तोडून टाकतात. त्यामुळे पीटी, आयएनआर वगैरे रक्त गोठण्याच्या तपासण्या त्यावर करणं निरर्थक. (कपात गाठी दिसतात त्या बहुतेक तांबड्या पेशी आणि चिकट स्राव यांचे गोळे, बोट कापल्यावर जमते ती खपली वेगळी.) तांबड्या पेशी कपात तासन् तास पडून फुटतात. पोटॅशियम पेशीच्या आत बाहेरच्या वीस पटींहून जास्त असतं, त्यामुळे पेशी फुटल्या की पोटॅशियमचा आकडा असा चढतो की शिरेतल्या रक्तावर तो आला असता तर तुम्हाला थेट आयसीयूत नेलं असतं. एलडीएच, एएसटी या पेशींच्या आत असणाऱ्या विकरांचीही तीच गत. पांढऱ्या पेशींची मोजदाद चुकते, कारण अस्तरात स्वतःच्या खास प्रतिकार पेशी असतात आणि त्या भरघोस मिसळलेल्या असतात. जंतूंसाठी कल्चर लावलं तर योनीतले नेहमीचे जिवाणूच उगवतात. थायरॉइड, व्हिटॅमिन डी, बी१२ हे सगळे ‘किती?’वालेच, म्हणून तेही बाद.

आता ग्लुकोमीटर. हा प्रयोग करू नका असं नुसतं सांगितलं तर तुम्ही करालच, म्हणून कारण देतो. ग्लुकोमीटरची पट्टी बोटातल्या ताज्या रक्तासाठी बनवलेली असते आणि रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ठरावीक मर्यादेत आहे असं ती धरून चालते. तांबड्या पेशी कमी असल्या की पट्टी साखर वाढवून दाखवते. उलट बाजूने, बाहेर काढून ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, नेहमीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के, आणि त्यात जिवाणूंची भर. लॅबवाले साखरेसाठी करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी वापरतात ती हे खाणं थांबवायलाच. कपात फ्लोराइड नसतं. म्हणजे एक चूक आकडा वर ढकलते, दुसरी खाली ओढते आणि कुठली किती ते कळत नाही. एखाद्या दिवशी बोटाच्या आकड्याशी तो जुळेलही. तोच दिवस धोक्याचा, कारण मग तुमचा त्यावर विश्वास बसेल.

तुम्ही व्हिडिओत पाहिलं ते मात्र खरं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२४मध्ये एका पॅडला मंजुरी दिली, नाव क्यू-पॅड. त्यात एक काढता येणारी पट्टी असते. पाळीचं रक्त तिच्यावर शोषलं जातं, पट्टी काढून वाळवायची आणि टपालाने लॅबला पाठवायची. त्यावरून एचबीएवनसी कळतं. साध्या साखरेला जे जमत नाही ते एचबीएवनसीला जमतं, कारण एचबीएवनसी ‘किती?’ विचारत नाही, ‘शंभरात किती?’ विचारतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्या काळात रक्तात फिरणारी साखर हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि चिकटली की सहजी सुटत नाही. शंभर हिमोग्लोबिनपैकी सहाला साखर चिकटलेली असेल तर रक्त पातळ झालं तरी सहालाच चिकटलेली राहणार. पोत्यातून मूठभर ज्वारी घेतली काय नि पसाभर घेतली काय, शेकड्यात किडके दाणे तेवढेच निघतात. शिवाय सुकलेल्या डागातही हे प्रमाण बऱ्यापैकी टिकतं.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. पॅडमध्येच कागदी चाचणीपट्टी बसवली. ती सीआरपी (सूज दाखवणारं), सीईए आणि सीए-१२५ (काही कर्करोगांत वाढणारी) या तीन प्रथिनांप्रमाणे रंग बदलते, आणि रंग किती गडद आहे ते मोबाइलचं ॲप वाचतं. ते अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. अमेरिकेतले काही गट पाळीच्या रक्तातल्या पेशींवरून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) ओळखता येईल का ते पाहत आहेत. तिथे अस्तराचे तुकडे ही अडचण राहत नाही, तेच हवे असतात, आणि दंडातल्या रक्तात ते मिळतच नाहीत. सोलापुरात आज यातलं काही हातात येणार नाही. कुणी पाळीच्या रक्तातल्या स्टेम सेल बँकेत जपून ठेवतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे फक्त नाळेच्या रक्ताची बँक चालवायला परवानगी आहे.

समजा, क्यू-पॅड उद्या नव्या पेठेतल्या मेडिकलमध्ये आला. तरी तुम्हाला आम्ही तो घ्या असं लगेच सांगितलं नसतं. तुमच्या पत्रातले दोन आकडे एकत्र वाचायला हवेत : एचबीएवनसी ६.१ आणि हिमोग्लोबिन ९.८. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी खोटं चढतं, साखर न वाढताही. उलट रक्तस्राव खूप होत असेल आणि शरीर भराभर नव्या पेशी बनवत असेल, तर पेशी सरासरीने तरुण असतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसे दिवस मिळत नाहीत आणि आकडा खोटा उतरतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावरही काही आठवडे तो असाच खाली येतो. बायका खूश होतात, साखर मात्र होती तिथेच असते. तेव्हा तुमचं ६.१ (५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व पट्टी) खरं की खोटं ते एचबीएवनसीवरून आत्ता ठरणारच नाही, मग रक्त दंडातलं असो की कपातलं. त्यासाठी उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर, अशी जोडी करून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि ग्लुकोजनंतर १४० ते १९९ हे मधुमेहपूर्व. १२६ आणि २०० पासून पुढे मधुमेह. याच रक्तात फेरिटिनही सांगा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. ते १५च्या खाली असेल तर कमतरता पक्की, ३०च्या खाली असेल तरी बहुतेक डॉक्टर लोह सुरू करतात. ताप किंवा कुठे सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून सर्दी-तापात देऊ नका.

आणि आता त्या कपाचा खरा उपयोग. लॅबला न नेताही तो तुमच्यासाठी सध्या सगळ्यात उपयोगी तपासणी करू शकतो, फक्त ओतण्याआधी वाचायला हवा. कपाच्या आत किंवा बाहेर मिलिलिटरच्या रेषा असतात. नसतील तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण वापरा. प्रत्येक वेळी रिकामा करताना तारीख, वेळ आणि मिलिलिटर एका वहीत लिहून ठेवा. सपाट जागेवर ठेवून, डोळ्यांच्या रेषेत वाचा. हातात तिरका धरला की दोन-तीन मिलिलिटर इकडेतिकडे होतात. कप गळून पॅड भिजलं तर तेही नोंदवा. असं लागोपाठ दोन पाळ्यांचं करा.

पाळीत जाणारं रक्त बहुतेकींचं ३० ते ४० मिलिलिटर असतं आणि ८०च्या पुढे गेलं की अतिस्राव मानतात. एक खोच इथे आहे : हा ८०चा आकडा निव्वळ रक्ताचा आहे, आणि कप स्रावासकट सगळंच मोजतो. म्हणून कपात ९० भरले एवढ्यावरून घाबरू नका. पण हिमोग्लोबिन ९.८ असलेल्या बाईच्या कपात दोन्ही महिने ८०च्या बरंच पुढे जात असेल, तर रक्त कुठे जातंय ते शोधायला फार लांब जायला नको. रात्री कप भरून वाहणं, दर तास-दोन तासांनी बदलावा लागणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी, आठवड्यापेक्षा जास्त चालणारी पाळी, यातलं काहीही असेल तर वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. नुसतं ‘जास्त जातं हो’ म्हणण्यापेक्षा ‘दुसऱ्या दिवशी ५५ मिली’ असं सांगितलं की समोरचा डॉक्टरही सरसावून बसतो. ते सोनोग्राफी करून फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) किंवा गर्भाशयाची भिंत जाड झाली आहे का ते पाहतील, थायरॉइड तपासतील, तांबी बसवलेली असेल तर तिचा विचार करतील. लहानपणापासूनच पाळी अशी असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर रक्त गोठण्याचा दोषही तपासायला हवा. तो पुष्कळदा राहून जातो.

लोहाच्या गोळ्यांचं डॉक्टर सांगतीलच. दोन गोष्टी घरच्या हातातल्या आहेत. गोळीच्या आगेमागे तासभर तरी चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. दोन्ही लोह अडवतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. रोज घेऊन पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतलेलीही चांगली शोषली जाते, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. शी काळी झाली तर दचकू नका, तो लोहाचा रंग. हिमोग्लोबिन १२वर आलं म्हणून गोळी बंद करू नका. साठा भरायला त्यानंतर आणखी तीन महिने लागतात. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर खा, पण ९.८चं १२ तेवढ्यावर होणार नाही. ज्वारीत लोह असतं, तसंच ते धरून ठेवणारं फायटेटही असतं.

जाऊबाईंचं प्रकरण वेगळं. गर्भाशयाचा टीबी हे आपल्याकडे मूल न होण्याचं एक कारण आहे, आणि त्याचे जंतू अस्तरात लपलेले असतात. अस्तर पाळीत बाहेर पडतं, म्हणून जुन्या काळापासून डॉक्टर हे रक्त मागत आले आहेत. तिथला प्रश्न ‘किती?’ नसतो, ‘आहे की नाही?’ एवढाच असतो. रक्त पातळ झालं तरी जंतू सापडला की सापडला. मात्र हा नमुनाही मनाला येईल तसा नेऊन चालत नाही. तो पाळीच्या पहिल्याच दिवशी घ्यायचा, कारण अस्तर तेव्हा जास्त येतं. लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीतच घ्यायचा आणि त्यात फॉर्मॅलिन (तुकडे टिकवायचं रसायन) नको; फॉर्मॅलिनने जंतू मरतात आणि कल्चर आठवडे ठेवलं तरी काही उगवत नाही. बायोप्सीची डबी आणि ही डबी यांची अदलाबदल होणं ही नेहमीची चूक आहे, म्हणून डबी घेताना विचाराच. त्याच दिवशी पोचवायचा; एप्रिल-मेच्या सोलापुरात ४२ अंशांत स्कूटरच्या डिकीत दुपारभर ठेवलेला नमुना ही दुसरी नेहमीची चूक. पॅडवरून खरवडून नेलेलं चालत नाही.

आजकाल बरेच डॉक्टर या रक्ताऐवजी पाळीच्या थोडं आधी अस्तराचा तुकडाच घेतात. तो जास्त भरवशाचा. जाऊबाईंना सांगा, नुसतं पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं एवढ्यावर सहा महिन्यांची औषधं सुरू करायची घाई नको. मेलेल्या जंतूचा अंशही पीसीआरला दिसतो आणि लॅबमध्ये थोडी सरमिसळ झाली तरी तो पॉझिटिव्ह येतो. कल्चर, तुकड्याचा सूक्ष्मदर्शकाखालचा रिपोर्ट, दुर्बिणीतून दिसलेलं चित्र, यांची जोड हवी. आणि कुणी टीबीसाठी दंडातल्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासायला सांगितल्या तर नाही म्हणा. त्या तपासण्यांवर भारतात २०१२पासून बंदी आहे.

एचपीव्हीचा प्रश्नही ‘आहे की नाही?’ याच जातीचा, म्हणून इथेही पाळीच्या रक्ताला वाव आहे. गर्भाशयाच्या मुखावरून वाहत येताना ते तिथल्या पेशी सोबत आणतं आणि विषाणूचा डीएनए सुकलेल्या डागातही टिकतो. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांत हे करून पाहिलं, तो अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांनी पाळीत वापरलेलं कापड दिलं आणि त्यावरच्या सुकलेल्या रक्तात एचपीव्ही शोधला. टेबलावर पाय वर करून तपासून घ्यायला तयार नसलेल्या बायकांपर्यंत पोचायचा तो मार्ग होता. वाट चांगली आहे, पण रोजच्या लॅबमध्ये अजून आलेली नाही.

तोवर तुमच्यासाठी जवळची वाट आहे. एचपीव्हीसाठी सुई लागतच नाही. मऊ ब्रशने किंवा कापसाच्या काडीने गर्भाशयाच्या मुखावरून नमुना घेतात, आणि योनीतून स्वतः घेतलेला नमुनाही जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहे. तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एकदा, असं त्यांचं सांगणं. ही तपासणी किती कामाची आहे याचा जगातला एक मोठा पुरावा आपल्या अगदी शेजारचा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९मध्ये आले : आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, न तपासलेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. तुम्ही ३८च्या आहात, पुढे ढकलू नका. गंमत म्हणजे ही तपासणी पाळीत नकोच. नमुन्यात रक्त फार असलं की पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर पाहण्याची तपासणी) वाचता येत नाही आणि एचपीव्हीच्या पीसीआरलाही ते अडथळा करतं. पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या ते विसाव्या दिवसादरम्यान जा. आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायची औषधं आणि योनी आतून धुणं टाळा.

राहिली सुई. ती टळत नसली तरी तीनदा टोचणं टळू शकतं. वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या धरून जांभळ्या झाकणाच्या नळीत २-३ मिली, करड्या झाकणाच्या दोन नळ्यांत २-२ आणि पिवळ्या नळीत ३-५, म्हणजे एकूण दोन-अडीच चहाचे चमचे. एवढ्याने अशक्तपणा येत नाही. शीर न सापडण्याचं मोठं कारण पाणी. उपाशीपोटी म्हणजे पाण्याविना नव्हे. आदल्या रात्री आणि सकाळी निघण्याआधी दोन-दोन पेले साधं पाणी प्या. सकाळी साडेसात-आठला जा. पोचल्यावर पाच मिनिटं कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कोपराच्या खोबणीत धरा, हात खाली सोडून बसा. मागच्या वेळी कुठल्या हातात सापडली ते सांगा, आणि स्काल्प व्हेनची बारीक सुई मागा. ती २३ गेजची, पंख असलेली असते. दोनदा टोचून नाही मिळाली तर तिसऱ्यांदा दुसऱ्या व्यक्तीला बोलवायला सांगायचा हक्क तुम्हाला आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. पट्टा बांधून मूठ उघड-मीट करायला सांगतात, ते नका करू. त्याने पोटॅशियम वाढतं. पट्टा मिनिटाच्या वर बांधून ठेवू देऊ नका.

भोवळ येत असेल तर खुर्चीत बसून रक्त देऊ नका, आडवं व्हा. टोचण्याआधी मांड्या, पोट आणि दुसरा दंड दहा-पंधरा सेकंद आवळून धरा, मग वीस-तीस सेकंद सैल सोडा, असं चार-पाच वेळा करा; रक्तदाब एकदम पडत नाही. दुखण्याचीच भीती असेल तर लिडोकेन आणि प्रिलोकेनचं मलम तासभर आधी लावून वर प्लॅस्टिक चिकटवायचं, डॉक्टरांना विचारून. सुई काढल्यावर हात कोपरात मुडपू नका. सगळे तसंच करायला सांगतात, पण त्याने शिरेचं तोंड उघडं राहतं आणि काळंनिळं होतं. हात सरळ ठेवून बोटाने पाच मिनिटं दाबून धरा.

मधल्या काळात हिमोग्लोबिन चढतंय का ते पाहायला बोटाच्या थेंबावर चालणारं यंत्र पुरतं. हात गरम पाण्याने धुवा, करंगळीशेजारच्या बोटाच्या कडेला टोचून घ्या, पहिला थेंब पुसून टाका, बोट पिळू नका. पिळलं की पेशींमधलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी येतं.

तारखा अशा लावा. पाळी चालू असली तरी साखर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) दंडातल्या रक्तावर बिनधास्त करता येतात. पाळीतलं रक्त त्यांच्या आड येत नाही. लघवीची तपासणी मात्र पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांनी, नाहीतर रिपोर्टमध्ये रक्त दिसून मूत्रपिंडाचा घोर लागतो. सीए-१२५ कुणी सांगितलं असेल तर तेही पाळीनंतर, कारण पाळीत ते एरवीही वाढतं. साखरेची जोडी आणि फेरिटिन याच आठवड्यात देऊन टाका. कपाची वही येत्या पाळीपासून सुरू करा. एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करायचं सांगितलंय, पण लोह सुरू झालं असेल तर ते हिमोग्लोबिन १२ झाल्यावर आणखी तीन महिने जाऊ देऊन करा, आणि तसं तुमच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, म्हणजे मधल्या आकड्यावरून कुणी साखरेची गोळी सुरू करणार नाही.